तिसऱ्या गुंडीतून कल्याण

चोरकॅमेऱ्यांचा संग्रह करणारा सबंध ठाणे जिल्ह्यात मी एकटाच होतो, हे मी अभिमानाने सांगत असे. एकटाच का होतो, हे आमचे शेजारी गोपीनाथपंत कुणी न विचारता सांगत असत.

त्या काळी फोटो काढायचा म्हणजे तिकाटण्यावर पेटारा, पेटाऱ्यावर काळं फडकं आणि फडक्यात शिरलेला माणूस. तो आतून ओरडायचा, "श्वास घेऊ नका." पण विलायतेतल्या काही इरसाल कारागिरांनी कुणाला कळू न देता फोटो काढायची यंत्रं बनवली होती. दिसायला पुस्तक, आत कॅमेरा. दिसायला घड्याळ, आत कॅमेरा. हौशी साहेब लोक ती घेऊन हिंदुस्थानात येत आणि मायदेशी परतताना मुंबईच्या लिलावात टाकून जात. त्या लिलावांत मी जात असे. असे पाच नग मी जमवले होते: एक पुस्तक, एक खिशातलं घड्याळ, एक नाटकाची दुर्बीण, एक हातातली काठी, आणि पाचवा जाकिटाच्या आत गळ्यात अडकवायचा, थाळीएवढा गोल पितळी डबा. त्याचं भिंग गुंडीच्या जागी काजातून बाहेर डोकावायचं आणि आतल्या एका काचेवर सहा वाटोळे फोटो निघायचे.

किंमत ठरवण्याची माझी स्वतःची पद्धत होती. लिलावात मोजलेल्या रकमेला मूळ मालकाच्या हुद्द्याने गुणायचं. कप्तान असला तर दोनाने, मेजर असला तर तिनाने, कर्नल असला तर पाचाने. घड्याळ मेजरचं होतं आणि काठी कर्नलची. या हिशेबाने माझा संग्रह अकराशे रुपयांचा होता आणि माझा पगार पस्तीस. त्यामुळे मी चालायचोही तसाच. यांपैकी एकाही यंत्राने मी तोवर फोटो काढला नव्हता. दुर्मीळ वस्तू वापरल्याने झिजते, असं मी लोकांना सांगे. मला ती वापरता येत नव्हती, हे सांगण्याचं कारण कधी पडलं नाही.

ते पडलं अठराशे चौऱ्याण्णव सालच्या चैत्रात, आमच्या रतनमुळे.

रतन आमची एकुलती एक मुलगी, मुलींच्या शाळेत शिकवायची. अठरा पूर्ण होऊनही लग्न झालेलं नाही म्हणजे ठाण्यात मासुंदा तलावापेक्षा मोठं प्रेक्षणीय स्थळ. आदल्या वर्षी गोपीनाथपंतांनी एक स्थळ आणलं होतं. मला ओटीवर बसवून मुलगा दाखवला तो चोवीस वर्षांचा, गोरा, खणखणीत आवाजात संस्कृत म्हणणारा. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कळलं, की तो नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ. खरा नवरा मुलगा त्या दिवशी आत झोपला होता. वय एक्केचाळीस, दम्याचा त्रास.

"भाऊच की हो," गोपीनाथपंत म्हणाले होते. "चेहरेपट्टी एकच. थोडा पुढचा-मागचा फरक."

आता त्यांनीच कल्याणचं स्थळ आणलं. मुलगा आनंदराव, रेल्वेत नोकरी, वडील अण्णा पारनाक्याला राहणारे. मी हरखलो. रतन मात्र पाटीवर बेरीज घालावी तशा आवाजात म्हणाली, "बाबा, यंदा मी मुलाचा चेहरा पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही."

"अगं, मुलीने मुलाला पाहायची रीत नाही."

"मला पाहायला दहा जण येतात. चालून दाखव म्हणतात, वाचून दाखव म्हणतात. आमच्या शाळेत तपासनीस वर्षातून एकदा येतो, इथे दर महिन्याला. मी एकाला नुसतं पाहिलं तर काय बिघडलं?"

"त्यांच्याकडे तसबीर मागितली तर अपमान समजून ते स्थळ मोडतील."

"मागायची कशाला? तुमच्याकडे अकराशे रुपयांची यंत्रं आहेत ना, न मागता तसबीर काढायची?"

सगुणाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, आतून म्हणाल्या, "खरंच, एकदा तरी उपयोग होऊ दे त्या भांड्यांचा." कल्याणकर अक्षय्य तृतीयेपर्यंतच थांबणार होते. तोवर चेहरा आला नाही तर रतनचा नकार, आणि या वेळी नकार गेला तर पुढचं स्थळ आणायला गोपीनाथपंतसुद्धा धजले नसते.

मी पितळी डबा निवडला. तो गळ्यात अडकवून आरशासमोर उभा राहिलो आणि पहिली अडचण लक्षात आली. डबा गुंडीच्या काजातून बघतो, आणि माझ्या अंगरख्याला काज नव्हतं. अंगरख्याला बंद असतात. सबंध जग छातीवर गुंड्या लावून हिंडतं, असं त्या विलायती कारागिराने गृहीत धरलं होतं. माझ्या घराण्यात सात पिढ्या कुणी गुंडी लावली नव्हती.

म्हणून विश्राम शिंप्याकडे जाकीट शिवायला टाकलं. "काजं पाच करा, गुंड्या चारच लावा. तिसरी मी आणीन," असं मी त्याला बजावलं.

विश्रामने टेप माझ्या पोटाभोवती नेला, थांबला, आणि दुसरा टेप आणायला गेला. "एवढ्या पोटावर गुंडी टिकायची नाही, पंत. तिसरी सुटली तर समोरच्याच्या डोळ्याला लागेल. जरा जपून."

जाकीट आलं. गोपीनाथपंतांनी सल्ला दिला, की नव्या कपड्यात एकदम सोयऱ्यांपुढे जाऊ नये, आधी चार दिवस कचेरीत घालून अंगवळणी पाडावं. मी घातलं. आमच्या खात्याचं नाव सांगत नाही. खातं अजून आहे आणि माझं पेन्शनही. तिसऱ्या दिवशी मला कागद आला: "आपण अंगरखा सोडून गुंड्या लावून आलात, त्याचा लेखी खुलासा करावा." मी लिहिलं, "प्रकृतीच्या कारणास्तव." उलट कागद आला, "वैद्याचा दाखला जोडावा." वैद्यांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, जाकीट पाहिलं, आणि लिहून दिलं, "यांच्या छातीस वारा बाधतो, सबब घट्ट आच्छादन आवश्यक." तो दाखला टेबलाटेबलावरून फिरत गेला, आणि संध्याकाळपर्यंत सबंध कचेरी मी फार दिवसांचा सोबती नसल्यासारखी माझ्याशी गोड बोलू लागली. एक फायदा झाला. मी रजेचा अर्ज केला तेव्हा वरिष्ठांनी स्वतःच्या हाताने कारण भरलं, "हवापालट." ठाण्याहून कल्याणला हवापालटासाठी गेलेला सरकारी दप्तरातला पहिला माणूस मीच.

पण कल्याणच्या आधी एकदा हात साफ करून घ्यावा म्हणून मी एका सकाळी डोंबिवलीला उतरलो आणि कोपरच्या बाजूला खाडीकाठच्या मिठागरात गेलो. ऊन लख्ख होतं, आणि हे यंत्र उन्हाखेरीज चालत नाही. एका पांढऱ्याशुभ्र राशीपाशी हौसाबाई नावाची आगरी बाई आणि तिचा नवरा पंढरी मीठ ओढत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, जाकिटाखाली हात घातला, डब्याची दोरी चाचपली, ओढली, मग चेहरा निर्विकार ठेवून पुढच्या फोटोसाठी काच सरकवणारी छातीवरची कळ फिरवली, पुन्हा हात घातला. तिसऱ्या वेळी हौसाबाईने फावडं टाकलं.

"पोटान दुखतंय का तुमचे, दादा?"

"नाही, नाही. सहज."

"सहज कसा? मगासपास्नं पोट चोळताव." तिने पदराच्या गाठीतून ओवा काढला, राशीतलं मीठ त्यात मिसळलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "चावा."

पंढरीला वेगळीच शंका होती. तो म्हणाला, "मिठागरान दोन जातीची मानसा येतान. मीठ नेनारी नि मीठ मोजनारी. तुमचेकडं पोतं नाय."

मी सरकारी मीठखात्याचा नाही, हे पटवून देण्यासाठी मला दोन मुठी ओवा खावा लागला. पण सहाही फोटो काढूनच मी निघालो.

काच धुऊन घ्यायला जांभळी नाक्यावरच्या गुणाजी फोटोवाल्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी त्याने ती उजेडात धरून दाखवली. "सहाही आभाळं छान आलीत," तो गंभीरपणे म्हणाला. "कुठलं मोठं करून देऊ? चौथ्यात एक घार आहे."

घोटाळा माझ्या पोटाचा होता. त्याच्या चढावर डबा टेकत असल्याने भिंग सतत ईश्वराकडे पाहत होतं. हा प्रश्न सगुणाबाईंनी सोडवला. त्यांनी डब्याच्या वरच्या कडेमागे एक जुनं लुगडं घडी करून कोंबलं, आणि भिंग समोर आलं. मी मात्र गळ्यापासून कमरेपर्यंत सरळसोट पिंपासारखा दिसू लागलो.

दुसरा प्रश्न गोपीनाथपंतांनी सोडवला. तो त्यांनी सोडवला नसता तर बरं झालं असतं. "खाली हात घालून चाचपणं वाईट दिसतं," ते म्हणाले. "ती दोरी बाहीतून नेऊन उजव्या मनगटाला बांधा. मुलगा समोर आला की सहज हात उचलायचा. उचलला की खट्. शंका यायचं कारणच नाही."

घरात सगळ्यांनी मान डोलावली. घरात बसून मी समोरच्या खुंटीकडे दहादा हात उचलला, दहादा खट् झालं. खुंटी आणि सोयरा यांत एक मोठा फरक असतो, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

कल्याणला अण्णांनी माझं आणि गोपीनाथपंतांचं छान स्वागत केलं. ओटीवर गार सावलीत गाद्या घातल्या होत्या. दुपारचा एक वाजला होता. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"आपण अंगणात बसू," मी म्हणालो.

"अंगणात? ऊन आहे."

"म्हणूनच."

अण्णांनी गोपीनाथपंतांकडे पाहिलं. गोपीनाथपंतांनी मला खूण केली, आणि मी कचेरीतून परत मागून घेतलेला वैद्यांचा दाखला खिशातून काढून अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, हळहळले, आणि गाद्या अंगणात आणवल्या. वैशाखाच्या तोंडचं कल्याणचं ऊन. माझ्या पगडीची खळ वितळून कानामागून ओघळत होती असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल म्हातारा वाढवून सांगतो. कानाच्या वरपर्यंतच आली होती.

आनंदराव बाहेर आला. माझ्या बरोबर समोर, चार हातांवर, लख्ख उन्हात उभा राहिला. याहून चांगली संधी येणार नव्हती. त्याने नमस्कार केला. मी नमस्कार केला. खट्.

ठीक आहे, एक फुकट गेला, मनात म्हटलं, आणि छातीवरची कळ फिरवली. तेवढ्यात, बाहेर उन्हात कोण पाहुणा बसलाय हे बघायला मुलाचे मामा आले. नमस्कार, खट्. मामांपाठोपाठ काका आले. नमस्कार, खट्. मग शेजारचे भटजी आले, आणि ते वयाने मोठे. आता शहाणपणाने वागायचं ठरवून मी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. आनंदराव पुन्हा समोर बसला. मी ठरवलं, परसातल्या आंब्याकडे बोट दाखवायचं आणि काम उरकायचं. हात सावकाश उचलला. नेमके त्याच क्षणी अण्णा म्हणाले, "आम्हीही मूळचे ठाण्याचेच हो, कोपिनेश्वराच्या छायेतले." ग्रामदैवताचं नाव कानावर पडलं, की माझे हात मला विचारत नाहीत. ते जुळले. खट्.

निघताना एकच उरला होता. आनंदरावाने वाकून माझे पाय धरले. मी आशीर्वादासाठी हात उचलला.

गुणाजी फोटोवाल्याने काच बराच वेळ पाहिली. "हात सुरेख आलेत," तो म्हणाला. "रेषा न् रेषा मोजून घ्या. हात तुमचेच ना? पाच खेपांना हात आहेत. सहाव्यात गोपीनाथपंत सरबत पितायत."

आनंदराव पायाशी वाकल्याने भिंगासमोर राहिले ते मागच्या गादीवरचे गोपीनाथपंत, तोंड उघडं, पेला तिरका. सबंध मोहिमेतला स्पष्ट चेहरा तेवढाच. रतनने तो छाप हातात घेतला, पाहिला आणि परत दिला.

"यांच्याशी नाही करायचं," ती म्हणाली.

सगुणाबाई हसल्या. मला हसू येईना, कारण मग रतन हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही खूप केलंत. पण चेहरा नाही आला. तुम्ही त्यांना कळवून टाका." आणि वह्या तपासायला बसली. एका पोरीने आयुष्याच्या तोंडावर एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि अकराशे रुपयांचा संग्रह बाळगणारा बाप तिला स्वतःचे तळहात घेऊन आला होता. मी कागद पुढे ओढला. "सप्रेम नमस्कार" एवढं लिहिलं आणि ते शब्द बघून पुन्हा दौत झाकली. दोन दिवस मी ते पत्र पुढे लिहिलंच नाही.

रविवारी सकाळी दारात आनंदराव उभा. एकटाच.

"आपण आला होतात तेव्हा आपल्या तिसऱ्या गुंडीतून सहा वेळा आवाज आला," तो म्हणाला. "मी रेल्वेची घड्याळं दुरुस्त करतो, कानाला सवय आहे. आधी वाटलं, छातीतलाच असेल. दाखला वाचला होता. पण दर खेपेला आपण हात उचललात की खट् व्हायचं, मग गुंडी फिरवायचात. तेव्हा लक्षात आलं." तो जरा घुटमळला. "हातच आले असतील ना?"

"पाच वेळा," मी म्हणालो. बापाला कधीकधी खरं बोलावं लागतं.

"मला वाटलंच. घरी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, ज्यांना चेहरा हवा होता त्यांना तो नेऊन दाखवावा. सांगाल तर उन्हात बसतो."

दाराआडून सगुणाबाई कुजबुजत होत्या, "रतन, आत हो, रतन." रतन आत झाली नाही. बाहेर आली, शाळेत बसते तशी ताठ खुर्चीवर बसली, आणि त्याला उभंच ठेवलं. अशा वेळी गोपीनाथपंत भिंतीतूनही येतात. तेही येऊन ओटीच्या काठावर बसले.

"तुळशीपर्यंत चालून दाखवा," रतन म्हणाली.

तो गेला आणि परत आला.

"पाय ओढता."

"नवा जोडा आहे."

तिने तिसरीच्या पुस्तकातला धडा पुढे केला. त्याने वाचला. दोन ठिकाणी अडखळला. चष्मा विसरलो, म्हणाला. चष्मा आहे ही गोष्ट अण्णांनी सांगितली नव्हती. ती त्याने आपण होऊन सांगून टाकली. मग रतनने माझ्याकडे पाहिलं, आत गेली, आणि काठी काखेत धरून माझे बाकीचे चार नग ताटात घालून आणले, पोहे आणावेत तसे.

"शेवटचं. बाबांच्या या संग्रहाची किंमत सांगा."

माझी छाती फुगली, या वेळी डब्याशिवाय. गोपीनाथपंत त्याच्या कानाशी लागले. मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "दीड हजार म्हण. सासरे होतायत."

आनंदरावाने खिशातून बारीक पेचकस काढला. हुद्दा विचारला नाही. मेजरच्या घड्याळाचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "हे होकायंत्र आहे. उत्तर दाखवतं. चार रुपये." दुर्बीण डोळ्याला लावली. "ही दुर्बीणच आहे. वर कुणीतरी नळी डकवली आहे. सहा रुपये." मग कर्नलची काठी. मूठ फिरवली, ती निघाली, त्याने वास घेतला आणि अवघडून माझ्याकडे पाहिलं. "यात भिंग नाही. हा ब्रँडी ठेवायचा नळा आहे."

आतून सगुणाबाईंचा आवाज आला, "आणि ती काठी यांनी देव्हाऱ्याच्या शेजारी टेकवून ठेवलीय तीन वर्षं."

गोपीनाथपंतांनी डोळे मिटून घेतले. कपाळावरचा घाम पुसत आनंदराव पुढे बोलत राहिला. पितळी डबा अस्सल, शंभर रुपये. पुस्तक अस्सल, फार सुबक काम, ऐंशी रुपये. बाकी तीन वस्तू फसवून विकल्या गेल्या होत्या. "माफ करा," तो मला म्हणाला, "पण आपण हे कुणाला विकायला काढलं असतं, तर तिथे आपलं हसं झालं असतं. इथे घरातच कळलेलं बरं."

अकराशेचा माणूस बसल्या जागी दोनशेच्या खाली आला होता. मी तुळशीकडे पाहत राहिलो. मनात नकाराचं पत्र आता सुरेख जुळून येत होतं, पहिल्या ओळीपासून.

रतन आनंदरावाकडे पाहत होती. जितका वेळ हवा तितका, घाई न करता, कुणाची परवानगी न विचारता. तोही पाहू देत होता. पेचकस तेवढा हातात फिरत होता.

"बाबा," ती म्हणाली, "नाक जरा मोठं आहे. पण तिथी बघायला सांगा."

"याने माझा संग्रह मोडीत काढला तरी?"

"म्हणूनच. आपल्या दारात बसून, मला मागायला आलेला असताना, तुमच्या तोंडावर खरं बोलला. मागच्यांनी तर माणूसच खोटा दाखवला होता."

पण बापाचाही काही मान असतो. मी ताटातलं पुस्तक उचललं, त्याच्या पाठीवरचं कातडं अंगठ्याने पुसलं आणि आनंदरावापुढे धरलं.

"हे ऐंशीचंच?"

त्याने ते पुन्हा नीट पाहिलं. "कातडं जरा पॉलिश करून घेतलंत तर पंच्याऐंशी."

"नव्वद म्हणा."

"पंच्याऐंशी," तो म्हणाला.

मी सगुणाबाईंना हाक मारून साखर आणायला सांगितली.